आधी टेबल, मग ज्योत

(सामुदायिक रेडिओवर प्रसारित झालेले भाषण)



मी आपल्या वर्धा जिल्ह्यात महिला बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. बैठका, रजिस्टरं, कर्जाचे ठराव, बँकेच्या फेऱ्या, हे माझं रोजचं काम. आज मात्र मी हप्त्यांबद्दल बोलणार नाही. गॅसच्या ज्योतीवर काचेचे मणी करण्याचं काम घरी करायचं असेल, तर त्यासाठी सुरक्षित जागा कशी करायची, हे आज सांगणार आहे. आणि सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

दोन वर्षांपूर्वी सेलू तालुक्यातल्या आमच्या एका गटातली ताई नागपूरला नातेवाइकांकडे राहून एका कारागिराकडून काचमणी करायला शिकून आली. हे काम असं असतं. बर्नरच्या ज्योतीत रंगीत काचेची कांडी धरायची. ती मऊ झाली की माती लावलेल्या लोखंडी काडीवर गुंडाळायची आणि काडी सारखी फिरवत राहायची. मणी गोल होतो. थंड झाल्यावर काडीवरून काढला की मधे भोक तयार. आपल्या मंगळसूत्रातले बारीक काळे मणी असे होत नाहीत. ते काचेची बारीक नळी ओढून, तिचे तुकडे पाडून करतात. ज्योतीवर होतात ते मोठे, रंगीत, नक्षीचे मणी. तिने आणलेले सात-आठ मणी बैठकीत या हातातून त्या हातात फिरले. सगळ्यांना आवडले. तिने बर्नरसाठी अंतर्गत कर्ज मागितलं, गटाने ठराव केला, मी सही केली. बर्नर ठेवणार कुठे, हे कोणीच विचारलं नाही. मीही नाही.

पंधरा-वीस दिवसांनी मी तिच्या घरी गेले. नोव्हेंबर महिना होता. आपल्याकडे नोव्हेंबरात घरात काय असतं, ते तुम्हाला सांगायला नको. समोरच्या खोलीत कमरेइतका कापूस भरलेला, भाव चढेल म्हणून ठेवलेला. मधे दाराला पडदा. पडद्यापलीकडे स्वयंपाकघर आणि तिथे ओट्यावर, शेगडीच्या शेजारी, हा बर्नर. घरच्याच लाल सिलिंडरला जोडलेला.

मी म्हटलं, “अगं, इथं?”

ती म्हणाली, “मग कुठं करू ताई? पोळ्या झाल्या का ओटा रिकामाच रायते.”

मला दाखवायला तिने काम सुरू केलं. बोलता बोलता वितळलेल्या काचेचा एक थेंब गळाला, ओट्याच्या कडेवरून खाली गेला आणि घरंगळत पडद्याखालून पलीकडे गेला. आमचं लक्ष ज्योतीकडे. थोड्या वेळाने वास आला. पडदा सारून पाहिलं, तर कापसाच्या कडेला अंथरलेल्या पोत्यावर रुपयाएवढा काळा डाग पडला होता आणि त्याची कड लाल होती. तिने पायाने विझवलं, मी बादली ओतली. तेवढ्यावर निभावलं. पण त्या कापसाच्या ढिगावर तिचा आठ वर्षांचा मुलगा झोपला होता. तो जागासुद्धा झाला नाही.

मैत्रिणींनो, त्या कर्जाच्या कागदावर सही माझी होती. म्हणून ही चूक मी तिची म्हणत नाही, माझी म्हणते.

आपल्या बाईमाणसाच्या धंद्याला घरात जागा मिळत नाही. शिलाई मशीन जाण्यायेण्याच्या वाटेवर असते. पापड खाटेवर वाळतात. लोणच्याच्या बरण्या पलंगाखाली. आपणही म्हणतो, होऊन जाईल कुठंतरी. पापडाचं होऊन जातं. काच मात्र मऊ करायची तर शेकडो अंशांची ज्योत लागते. ती ‘कुठंतरी’ पेटवता येत नाही.

घरोघरी काचेचं काम करणाऱ्या बायका आपल्या देशात पुष्कळ आहेत. उत्तर प्रदेशात फिरोजाबाद हे बांगड्यांचं शहर. भट्टीतून कारखान्यात बांगडी निघते, पण तिची टोकं सुटी असतात. मग बांगड्यांचे गट्ठे वस्तीत घरोघरी जातात आणि तिथे बायका ज्योतीवर एकेक टोक जोडतात. या कामाला तिकडे जुडाई म्हणतात. वाऱ्याने ज्योत हलते म्हणून पंखा बंद, खोली लहान, शेजारी लेकरं. डोळे आणि छाती या कामाने बिघडतात, हे तिथे वर्षानुवर्षं दिसत आलं आहे. कारखान्यात ज्योत असती तर हवा आणि उजेड पाहण्याची जबाबदारी मालकावर आली असती. काम घरी पाठवलं की मजुरी मोजून मिळते आणि धोका आपल्या घरात येतो. वाराणसी आणि हाथरस जिल्ह्यातलं पुरदिलनगर इथले काचमणी देशभर जातात. त्यांच्याशी भावात स्पर्धा करायची म्हणून आपणही बंद खोलीत बसायचं का, हा प्रश्न आहे.

आपण वर्ध्याचे लोक. अखिल भारत ग्रामोद्योग संघ १९३४ मध्ये स्थापन झाला आणि आपल्या मगनवाडीत त्याचं काम उभं राहिलं. कुमारप्पाजींनी ते सांभाळलं. तिथे तेलघाणी आणि हातकागद यांच्याबरोबर बाईच्या चुलीचाही विचार झाला. धूर कमी करणारी मगन चूल आणि वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप तिथलेच. घरातली आग घरच्या माणसाला सोसेल अशी हवी, हा विचार आपल्या गावाला नवा नाही.

तर त्या घटनेनंतर आमच्या गटाने ठराव केला. ज्योतीचं काम असेल तर कर्ज नुसत्या बर्नरला मिळणार नाही. आधी जागा पाहायची. टेबल, चष्मा, पंखा हे सगळं त्याच कर्जात धरायचं. बर्नर सगळ्यात शेवटी येईल. काही जणी रागावल्या. “एवढ्यात तर दोन शेळ्या येतील,” असं एक आजी म्हणाल्या. खरं होतं ते. टेबल आणि बाकीचं सामान मिळून बर्नरपेक्षा जास्त खर्च झाला. पण तो खर्च नसता केला, तर तो आपण कापसाच्या ढिगावर ठेवला असता.

आता एकेक गोष्ट सांगते. वही-पेन असेल तर लिहून घ्या.

पहिली गोष्ट जागा. स्वयंपाकघर नको, झोपायची खोली नको. ज्या खोलीत कापूस, कडबा, तुराट्या, पऱ्हाट्या किंवा फवारणीची औषधं आहेत, तिच्या लगतही नको. वर गवताचं छप्पर किंवा हिरवी नेट नको. पक्क्या भिंती, वर टिन, हवा यायला एक बाजू आणि जायला दुसरी बाजू, आणि चटकन बाहेर पडता येईल असं दार. आमच्या ताईच्या घरी अशी एकच जागा होती, बाजूची पडवी. तिथे घरची मोटारसायकल उभी राहायची.

खरी अडचण इथेच आली. गाडीच्या टाकीत पेट्रोल असतं, म्हणून गाडी आणि ज्योत एका ठिकाणी चालत नाही. गाडी बाहेर काढा म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, “पोराची गाडी उन्हात ठेवू, अन् हिचे मनी सावलीत?” मी तीन वेळा गेले. वाद घातला नाही. तिसऱ्या वेळी ते जळलेलं पोतं त्यांच्या समोर ठेवलं आणि नातू त्या दिवशी कुठे झोपला होता, एवढंच सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलाने स्वतः गाडीसाठी अंगणात टिनाचा आडोसा केला.

दुसरी गोष्ट टेबल. लोखंडी अँगलचं, न हलणारं. बसल्यावर दोन्ही कोपर टेकतील एवढी उंची हवी, कारण हात टेकला तर काडी स्थिर राहते आणि खांदे दुखत नाहीत. वरचा पृष्ठभाग न जळणारा. आम्ही फायबर सिमेंटचा बोर्ड घातला. घेताना तो अॅस्बेस्टॉसचा नाही, हे विचारून घ्या. जुना अॅस्बेस्टॉसचा पत्रा कापून तर मुळीच वापरू नका, त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. टेबलाला चारी बाजूंनी दोन बोटं उंच लोखंडी कड लावा, म्हणजे पडलेली काच मांडीवर येणार नाही. मागच्या भिंतीवर पत्रा ठोका. बर्नर टेबलाला स्क्रूने घट्ट बसवा आणि त्याचं तोंड स्वतःपासून पलीकडे, तिरकं ठेवा. ज्योतीच्या पलीकडे काही ठेवायचं नाही, कधीच नाही, कारण तिथलं काही घ्यायचं तर हात ज्योतीवरून जातो. खाली फरशी किंवा कोबा हवा. चटई, सतरंजी नको. बसायला लोखंडी किंवा लाकडी स्टूल घ्या. प्लॅस्टिकची खुर्ची गरम काच पडली की वितळते.

काचेच्या कांड्या डाव्या हाताला आणि गरम टोकं ठेवायची जागा वेगळी करा. तापलेली काच लाल असते ती थोडाच वेळ. मग ती थंड काचेसारखीच दिसते, पण बोट भाजेल इतकी गरम असते. भाजतं ते बहुतेक वेळा ज्योतीने नाही, अशा काचेने.

तिसरी गोष्ट गॅस. घरचं १४.२ किलोचं लाल सिलिंडर धंद्याला वापरणं कायद्याने चालत नाही. उज्ज्वलाचं असो की दुसरं, नियम एकच. व्यावसायिक जोडणी घ्या. रेग्युलेटर त्या बर्नरला योग्य असाच हवा. घरच्या रेग्युलेटरशी खटपट करू नका. सिलिंडर खोलीबाहेर, सावलीत, उभं ठेवा. आपला गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर उडून जात नाही, जमिनीवर पसरतो आणि खोलगट जागी साचतो. म्हणून सिलिंडरजवळ नाली किंवा खड्डा नको. भिंतीतून येणारी जोडणी माहितगार माणसाकडून करून घ्या. रबरी नळी आयएसआय शिक्क्याची घ्या, तिच्यावरची तारीख पाहा. रोज काम सुरू करण्याआधी साबणाचं पाणी जोडांवर लावा. फुगे आले तर त्या दिवशी काम नाही. पेटवताना लायटर आधी हातात, गॅस नंतर. बंद करताना आधी सिलिंडर बंद, मग नळीतला गॅस जळून जाऊ द्यायचा, मग बर्नरची चावी.

गॅसचा वास आला तर विजेचं बटण चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, दोन्ही वेळी ठिणगी पडते. दारं उघडा, बाहेर या, सिलिंडर बंद करा आणि १९०६ ला फोन करा. हा गॅसच्या तक्रारीचा क्रमांक आहे, भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

काही बर्नर गॅसबरोबर ऑक्सिजनवर चालतात. ते जास्त तापतात. शिकणाऱ्या बाईने तिथून सुरुवात करू नये. पुढे घ्यायचाच झाला तर ज्योत नळीत उलट जाऊ न देणारा झडप-साठा दोन्ही नळ्यांना लावलेला हवा. आणि ऑक्सिजनच्या जोडांना तेलाचा, ग्रीसचा हातसुद्धा लागता कामा नये. डोक्याला तेल लावून त्याच हाताने तो नट फिरवायचा नाही.

चौथी गोष्ट हवा. ज्योत स्वच्छ निळी दिसली तरी तिच्यातून डोळ्यांना न दिसणारे विषारी वायू निघतात. बंद खोलीत डोकं दुखतं, चक्कर येते. म्हणून ज्योतीच्या मागे, थोडा वर, एक्झॉस्ट पंखा लावा आणि आपल्या पाठीमागून ताजी हवा येऊ द्या. बरोबर लागला की नाही ते कसं पाहायचं? पंखा लावा आणि बर्नर पेटवण्याआधी बर्नरच्या जागी एक उदबत्ती धरा. धूर सरळ पंख्याकडे गेला पाहिजे. तुमच्या तोंडाकडे आला तर खिडकी किंवा पंखा चुकला. आमच्या ताईचा पंखा पहिल्यांदा चुकलाच होता, डोक्यावर लावला होता. धूर नाकासमोरून वर जायचा. तो काढून समोरच्या भिंतीत लावला.

आणि आपल्या भागाचा नियम: लाईट गेली की ज्योत बंद. पंखा थांबला म्हणजे काम थांबलं. अर्धा मणी राहिला तर राहू द्या. उन्हाळ्यात कूलर लावायचा नाही, त्याच्या वाऱ्याने ज्योत वळते आणि त्याच्या जाळीतलं गवत पेट घेतं. वैशाखात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. तेव्हा सकाळी सहा ते नऊ एवढंच काम. आमची ताई मे महिन्यात दुपारी मणी ओवते, ज्योतीपाशी बसत नाही.

पाचवी गोष्ट डोळे. काच तापली की तिच्यातल्या सोड्यामुळे पिवळा झगझगीत उजेड पडतो आणि मणीच दिसत नाही. त्यासाठी डिडिमियमचा गुलाबीसर चष्मा मिळतो. तो नेमका तो पिवळा उजेड अडवतो, आणि काचेची उडालेली कपचीही. बाजारातला काळा गॉगल चालत नाही, त्याने सगळंच अंधुक होतं आणि हात ज्योतीत जातो. हा चष्मा महाग वाटतो. कर्जात सर्वांत आधी तोच धरा.

सहावी गोष्ट कपडे. सुती आणि फक्त सुती. नायलॉन, पॉलिस्टर पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. पदर, ओढणी नको, साडी नेसायची असेल तर पदर खोचून वर जाड सुती एप्रन. केस बांधलेले, मंगळसूत्र आत, पायात बंद चप्पल-बूट.

सातवी गोष्ट साफसफाई. काडीला लावायची माती वाळली की तिची पूड उडते, ती छातीला वाईट. मणी काडीवरून पाण्यात धरूनच काढा. टेबल ओल्या फडक्याने पुसा, झाडू नका. तिथे चहा नको, खाणं नको. रंगीत काचेत कोणते धातू आहेत ते आपल्याला दिसत नाही, म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुऊनच लेकराला घ्या.

फुटक्या बांगड्या वितळवायचा मोह सगळ्यांना होतो. पण दोन जातीच्या काचा थंड होताना सारख्या आकसत नाहीत. मणी आज चांगला दिसतो आणि आठ दिवसांनी गिऱ्हाइकाच्या गळ्यात तडकतो. पारख सोपी आहे. दोन्ही काचा शेजारी शेजारी जोडून बारीक तार ओढा. थंड झाल्यावर तार सरळ राहिली तर जमतं, वाकली तर नाही. आणि मणी झाल्यावर तो एकदम उघड्यावर ठेवू नका. सावकाश थंड व्हायला हवा. लहान विजेची भट्टी असली तर उत्तम. गटात चार जणी असतील तर ती भट्टी सगळ्यांत मिळून एकच घ्या.

शेवटची गोष्ट, काही झालंच तर. दाराजवळ वाळूची बादली आणि पावडरचं अग्निशामक नळकांडं हवं. दाराजवळ म्हणते, ज्योतीच्या मागे नाही. भाजलं तर लगेच साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. बांगड्या, अंगठ्या सूज येण्याआधी काढा. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नका. जास्त भाजलं असेल तर १०८ ला फोन करा आणि दवाखाना गाठा. ज्योतीपाशी मुलांना बसवायचं नाही, मदतीलासुद्धा नाही, हा आमच्या गटाचा नियम आहे. आणि बाई एकटी घरात असताना ज्योत पेटवत नाही. घरात हाक ऐकणारं एक मोठं माणूस हवंच.

आता ती ताई रोज तीन तास त्या पडवीत बसते. पैसा किती मिळतो? शेळ्यांएवढा अजून नाही, खोटं कशाला सांगू. पण मण्यांचा भाव ठरवताना आम्ही काच आणि गॅस धरतो, तिचे तास धरतो, आणि चष्मा, पंखा, टेबल यांचाही हिस्सा धरतो. एक व्यापारी म्हणाला, एवढा भाव देता येत नाही, तिकडून स्वस्त येतात. आम्ही नाही म्हटलं. तिकडे स्वस्त का पडतात, ते आता आम्हाला माहीत आहे.

गटातल्या अध्यक्ष आणि सचिव ताईंना माझी एकच विनंती आहे. मणी असोत, मेणबत्त्या असोत की तळणीचा धंदा, ज्यात आग आहे त्या कर्जावर सही करण्याआधी तिच्या घरी जाऊन या. ती कुठे बसणार आहे ते पाहा, आणि त्या जागेच्या पलीकडच्या खोलीत काय आहे तेही पाहा. मी तेवढं केलं असतं, तर ते पोतं जळलं नसतं.

ते पोतं आम्ही फेकलं नाही. गटाच्या पेटीत घडी घालून ठेवलंय, रजिस्टराखाली. नवीन ठराव लिहिताना रजिस्टर उचललं की ते दिसतं.